शुद्ध मराठीचा हुकूम

मातृभाषा ही आईच्या दुधाबरोबर मिळते, असे माझ्या वडिलांचे ठाम मत होते. हिंदी मुलखातल्या आमच्या माधवगंजातल्या घरात दूध म्हशीचे होते, आणि ते माझ्या धाकट्या बहिणीला पाजायला किला गेट वस्तीतून एक हिंदी बोलणारी बाई येत असे. तिला आम्ही अम्मा म्हणत असू. बाळंतपणानंतर आईची तब्येत लवकर सुधारली नाही, त्यामुळे बहीण दिवसभर अम्माच्याच कडेवर.

बारशाला पुण्याहून आजोबा, म्हणजे आईचे वडील, आले होते. माझी दोन-तीन वाक्ये ऐकून त्यांनी माझी आशा तिथल्या तिथे सोडली. "ही गेली हातची," ते आईला म्हणाले. "धाकटी बोलायला लागली की मी पुन्हा येईन. धड मराठी बोलत नसेल, तर पुण्याला घेऊन जाईन." मामांना मूल नव्हते. म्हणजे ही नुसती धमकी नव्हती, हे आईला पक्के ठाऊक होते.

वडील दरबारच्या कचेरीत होते. हुकूम निघाल्याशिवाय जगात काही घडते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी पगडी न उतरवताच त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावले आणि सांगितले, "आजपासून बाळाच्या कानावर सिर्फ मराठी पडली पाहिजे." त्यातले 'सिर्फ' कुणाला खटकले नाही. आम्ही सगळे तसेच बोलत होतो.

अम्माने हुकूम पाळला. पंचाईत तिथेच झाली. तिच्या स्वतःच्या भाषेत तिला गाणी येत, कोडी येत, शेजारणींचा उद्धार तर फारच सुरेख येई. मराठीत तिच्यापाशी होते ते घरकामापुरते शब्द, तेही हिंदीच्या दोऱ्यात ओवलेले. अर्ध्यावर आलेले अंगाईगीत तोडून ती म्हणे, "झोपून जा ना बाई, मी थकून राहिली." आम्ही पोट धरून हसत असू. पाळण्यातली हसत नसे. ती ऐकत असे. अम्माला तिची भाषा बोलू दिली असती, तर बहीण तिच्याकडून चांगली हिंदी आणि आमच्याकडून बरी मराठी शिकली असती. पण हुकमात तशी सोय नव्हती.

आजोबा ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी हात पुढे केले. "ये बाळ, आजोबांकडे येतेस?"

बहीण पाटावर चमच्याने पाणी ओतत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हट! मी काम करून राहिली."

आजोबांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांनी पगडी सारखी केली.

"जावईबापू, महिनाभर राहतो," आजोबा म्हणाले. "जाताना हिला नेईन. तोवर निदान चार वाक्ये सुधारतो."

दुसऱ्या दिवसापासून झोपाळ्यावर शिकवणी सुरू झाली. आजोबा स्वच्छ आवाजात विचारत, "दूध घेतेस का?" बहीण मागे वळून, हे कुणाशी बोलत आहेत ते पाही. आठवडाभराने कंटाळून एकदा ते म्हणाले, "दूध पिऊन राहिली का?" ती तात्काळ त्यांच्या मांडीवर चढली आणि पेला रिकामा केला. त्यानंतर आजोबांची शिकवणी फारच सुरळीत चालली. दुपारी झोपाळ्यावरून दोघांच्या गप्पा ऐकू येत. त्यातले कोण शिकवते आहे, हे अम्मालाही सांगता आले नसते.

निघायचा दिवस आला. बहिणीची छोटी ट्रंक टांग्यात चढली. आई तिला कडेवर घेऊन दारात उभी होती आणि काही केल्या पायरी उतरत नव्हती. आजोबा टांग्याजवळून ओरडले, "अगं, लवकर कर ना! टांगेवाला केव्हाचा थांबून राहिला!"

अम्मा तोंडाला पदर लावून आत पळाली. वडील आकाशाकडे पाहू लागले.

"नाना," आई हळूच आजोबांना म्हणाली, "न्यायची तर न्या. पण तिकडे हिच्याशी मराठी कोण बोलणार?"

आजोबांनी टांगेवाल्याला ट्रंक खाली उतरवायला सांगितले, नातीच्या गालाला हात लावला आणि एकटेच स्टेशनकडे गेले.

पुढे मामांनी सांगितले की, पुण्याच्या मंडईत आजोबांनी वांग्यांचा भाव विचारला, तेव्हा भाजीवालीने त्यांना हिंदीत उत्तर दिले.