मागच्या सीटवरची आई

नव्या गाडीचा वास आला की लोकांचे चेहरे फुलतात. आंबटरावांना शिसारी यायची. डिंक, कातडं, रबर आणि कुणाची तरी मिरवायची हौस, हे सगळं बंद डब्यात घालून उन्हात ठेवल्यावर जो वास सुटेल, तो गेली कित्येक वर्षं त्यांच्या नाकात मुक्काम ठोकून होता. गाडीचं दार उघडलं की ते आधी तोंड वाकडं करत आणि मगच आत बसत. त्यावरूनच कचेरीत त्यांचं हे नाव पडलं. खरं नाव घरच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

माणूस मात्र कामाला चोख. गाड्यांच्या एका मासिकात ते परीक्षणं लिहीत. कंपन्या गाडी आठवडाभर वापरायला देत, धुऊन पुसून, नवरीसारखी नटवून. हे ती पळवत, वळवत, करकचून ब्रेक मारत, मुद्दाम खड्ड्यांतून नेत आणि मग जे वाटेल ते लिहीत. कुणाची भीड नाही, मुर्वत नाही. वाचक त्यांचं परीक्षण शेवटाकडून वाचायला सुरुवात करायचे, कारण शेवटी एक चौकट असे: ‘मागची सीट’. मोठी गाडी घेणारा स्वतः पुढे बसतो आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना मागे बसवतो. तर मागे त्यांचे काय हाल होतात हे कुणीतरी सांगायला नको का, असं आंबटरावांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक गाडीत ते स्वतःच्या आईला मागे बसवून शहरातून एक फेरी मारून आणत. चौकटीतलं शेवटचं वाक्य ठरलेलं असे. ‘आईला विचारलं. आई म्हणाली, छान आहे.’ एखादी गाडी अगदीच टणक निघाली तर, ‘आई म्हणाली, बरी आहे.’ त्या ‘बरी’ला कंपनीवाले चळाचळा कापत. एका कंपनीने आईसाठी मखमली उशी पाठवली होती, ती त्यांनी होती तशी परत केली.

पुढची सीट या फेरीत कॅमेऱ्याच्या बॅगेसाठी राखलेली असे. बॅग महागाची, म्हणून तिला पट्टाही लावलेला असे.

यंदा एका कंपनीची मध्यम आकाराची आलिशान सेडान आली आणि तीही तिन्ही प्रकारांत. प्रकारांची नावं अशी भारदस्त की उच्चारताना जीभ अडखळावी. कचेरीत त्यांना धाकटी, मधली आणि थोरली म्हणू लागले. इंजिन तिघींचं एकच, सांगाडा एकच; फरक सगळा दागिन्यांचा. धाकटीला कापडी सीट, लहान चाकं आणि साधा रेडिओ. मधलीला कातडी सीट, काचेचं छप्पर आणि आपोआप उघडणारी डिकी. आणि थोरली! थोरलीला काय नव्हतं ते विचारा. दारांच्या कडेने चौसष्ट रंगांत पेटणारे दिवे. पुढच्या सीटना पाठ चेपून देणारं यंत्र. अत्तराची कुपी, जी आतल्या हवेचा वास घेऊन स्वतःच ठरवणार की आता फवारा मारायचा. आणि सगळ्यात कहर म्हणजे, ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं की स्पीकरमधून इंजिनाचा खोटा गुरगुराट.

“खोटा म्हणजे?” संपादकांनी विचारलं.

“म्हणजे इंजिन गप्प बसलेलं असतं आणि स्पीकर गुरगुरतो. मांजराने सिंहाची कॅसेट लावावी तसा.”

“पण पळते कशी?”

“पळते चांगली. शून्यापासून शंभरावर जाते तेव्हा पाठ सीटला चिकटते. ब्रेक झकास, वळणावर झुकत नाही. पण एकोणीस इंची चाकं लावलीत आणि टायर ठेवलेत पापडाएवढे. रस्त्यावर नाणं पडलं असेल तर छापा की काटा ते बसल्या जागी कळतं.” आंबटरावांनी तोंड आणखी वाकडं केलं. “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला या गाडीचा नव्हे, ती बघून ‘वा वा’ करणाऱ्यांचा वीट आलाय.”

संपादक हसले. आंबटरावांचा वीट हाच मासिकाचा खप होता.

त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, डोंगरापलीकडच्या गावात राहायची. तिची आठवण झपाट्याने चालली होती. भाऊ म्हणाला, “परवा तिने मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? पण चिमणीचं नाव रोज घेते. चिमणी कधी येणार, चिमणी कधी येणार. दादा, मावशीला घेऊन ये. माझ्या आईला अजून ती आठवतेय तोवर ये. नंतर येऊन उपयोग नाही.”

चिमणी म्हणजे आई. दोघी बहिणींची गाठ पडून अकरा-बारा वर्षं झाली होती. आंबटराव दर वर्षी म्हणायचे, “चल, मावशीकडे जाऊ, चांगली गाडी आहे आत्ता.” आई म्हणायची, “कशाला उगाच? फोनवर बोलते की.” बहिणींचं जुनं काहीतरी बिनसलं असेल अशी त्यांनी आपल्यापुरती समजूत करून घेतली होती. बायकांच्या भांडणात पडू नये, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. या वेळी मात्र आईने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “घाटातूनच जावं लागेल ना रे?”

“दुसरा रस्ताच नाही. बरंच झालं, थोरलीची घाटातली चाचणी राहिलीच आहे.”

सकाळी निघताना बायकोने सासूबाईंना बळेबळे खायला बसवलं. आई नको नको म्हणत होती. “लांबचा प्रवास आहे, आई. रिकाम्या पोटी जाऊ देणार नाही मी,” असं म्हणून बायको समोर ठाण मांडून बसली. आईने मान खाली घालून सगळं संपवलं. तिचा चेहरा शिक्षा झालेल्या मुलीसारखा झाला होता, पण तिकडे बघायला आंबटरावांना फुरसत कुठे होती? ते कॅमेऱ्याच्या बॅगेला पट्टा लावत होते.

घाट सुरू झाला तसे आंबटराव रंगात आले. माणूस कितीही आंबट असो, चांगलं स्टिअरिंग हातात आलं की विरघळतोच. थोरली वळणं अशी कापत होती की मनात नसतानाही त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं. स्पीकर गुरगुरला. दिवे लाल झाले.

“कसं वाटतंय, आई?”

“छान आहे,” मागून आवाज आला.

दोन वळणांनंतर पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं तर आई काच खाली करायला धडपडत होती. पण मागची काच या गाडीत अर्ध्यावरच अडायची. तेवढ्या फटीत तिने नाक घातलं होतं. चेहरा पांढराफटक. आंबटराव ब्रेकवर पाय ठेवतायत तोच सकाळचं सगळं खाणं सायीसारख्या पांढऱ्या कातड्यावर आलं. सीटवर, दारावर, दिव्यांच्या पट्टीवर.

आणि मग गाडीने आपली अक्कल दाखवली. आतली हवा बिघडल्याचं तिला कळलं, आणि छतातून गुलाबाच्या अत्तराचा फवारा सुटला. ओकारीचा आंबूस वास, त्यावर गुलाब, आणि खालून तापलेल्या कातड्याचा दर्प. इतकी किळसवाणी गोष्ट आंबटरावांनी उभ्या जन्मात हुंगली नव्हती. बटणं दाबून पाहिली, अत्तर काही बंद होईना. शेवटी गाडी कडेला घेऊन चारही दारं उघडली आणि ते स्वतःच कठड्याला धरून उभे राहिले.

आई खाली उतरून दगडावर बसली होती. तिने पर्स उघडली. आत प्लास्टिकच्या पिशव्या, इस्त्री केल्यासारख्या घडी घातलेल्या. अर्धं कापलेलं लिंबू. एक जुना टॉवेल. टॉवेल काढून ती सीट पुसायला उठली.

“तू बस. मी पुसतो.” मग त्यांची नजर पिशव्यांवर गेली. “या कशाला आणल्यास? तुला माहीत होतं?”

“मला गाडी लागतेच रे. लग्नाच्या आधीपासून लागते.”

“पण आजवर कधी... दर गाडीत बसतेस तू!”

“आदल्या रात्रीपासून काही खात नव्हते. तुझी फेरी तेवढी तासाभराची. लिंबू हुंगत, डोळे मिटून, दात आवळून निघायची वेळ.” ती ओशाळून हसली. “आज सूनबाईने खायला घातलं. तिला तरी कसं नाही म्हणू? तिला काय माहीत?”

“आणि छान आहे, छान आहे म्हणायचीस ते?”

“मग काय म्हणू? म्हणाले असते की मळमळतं, तर तू ते छापलं असतंस. गाड्या द्यायचं बंद केलं असतं त्यांनी. तुझं काम ते. एवढं काय, पोटच तर होतं.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगातल्या प्रत्येक खोट्या गुरगुराटावर ज्याने आसूड ओढले, त्याच्याच चौकटीतलं शेवटचं वाक्य खोटं निघालं होतं. ते वाचून किती लोकांनी आपापल्या आयांना मागे बसवलं असेल? आणि त्या आयाही छान आहे म्हणत असतील. गुलाबाच्या वासाची नव्हे, त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी टॉवेल घेतला आणि सीट पुसायला लागले. रागारागाने, कोपरान्‌कोपरा, दिव्याच्या पट्टीत बोट घालून. पट्टी अजून लाल पेटलेली होती.

पुसून झाल्यावर ते म्हणाले, “परत जाऊया. तुझे हाल बघवत नाहीत.”

“नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. “दरवर्षी तू चल म्हणालास आणि या घाटाच्या भीतीने मी नाही म्हणत राहिले. आज ताईला भेटल्याशिवाय माघारी फिरणार नाही. सबंध रस्ताभर ओकले तरी चालेल. ती मला विसरली तर मग कुणाकडे जाऊ?”

म्हणजे भांडण नव्हतंच. आंबटराव दाराला टेकून उभे राहिले. मग आई जरा चाचरत म्हणाली, “एक सांगू? तुझ्या बाबांबरोबर जायचे तेव्हा मी पुढे बसायचे, काच उघडी टाकून. समोरचा रस्ता दिसला की मला काही होत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस गं इतक्या वर्षांत?”

“पुढे बॅग असायची तुझी,” आई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तसं.

त्यांनी पट्टा सोडला, बॅग उचलली आणि डिकीत टाकली. चांगलीच आपटली. मग आईला हाताला धरून पुढे बसवलं, काच पूर्ण खाली केली, ‘स्पोर्ट’ बंद केलं, दिवे बंद केले. अत्तराच्या कुपीचं झाकण सापडलं तशी ती खेचून काढली आणि खाली फेकावी असं मनात आलं, पण दुसऱ्याची वस्तू म्हणून रुमालात गुंडाळून ठेवली. उरलेला घाट ते धाकटी चालवावी तसे चालवत गेले, सावकाश, वळणाच्या आधी वेग कमी करत. आईने खिडकीवर कोपर टेकवलं. केस वाऱ्यावर उडत होते. मधेच ती म्हणाली, “त्या वळणावर पूर्वी एक मोठं झाड होतं.” पुढच्या वळणावर पुन्हा काहीतरी म्हणाली. वीसेक वर्षांत एवढं तर ती कुठल्याच गाडीत बोलली नव्हती. तिला काहीही झालं नाही.

मावशी दाराशी खुर्चीत बसली होती. वाळून इतकीशी झालेली. आई समोर जाऊन उभी राहिली. मावशीने बघितलं. पुन्हा बघितलं. मावसभाऊ मागून सांगायला निघाला तर आंबटरावांनी त्याला हाताने थांबवलं. आईच्या साडीच्या पदराला डाग पडला होता, तो तिने मुठीत लपवला.

“चिमणे?” मावशी म्हणाली.

आई खाली बसली आणि तिने मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मावशी तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

“किती दिवसांनी आलीस गं?” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती कीव होती. तिने आंबटरावांकडे वर पाहिलं, त्यांना ओळखलं की नाही कोण जाणे. मग वाकून आईच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “तुझ्या पोराकडे गाडी नाही वाटतं?”

आईने मान वर केली. ज्या आवाजात ती ‘छान आहे’ म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, “नाही ना गं, ताई. आत्ता कुठे मिळाली.”

आंबटरावांच्या हातात थोरलीची किल्ली होती. ती त्यांनी हळूच खिशात घातली.