पहिली वीस मिनिटं

लाँड्रीच्या गल्लीतून दिवेलागणीनंतर कुणी जात नाही. बंद काचेवर आतून टकटक होते, पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते, अशी बोलवा आहे. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या ताई मात्र बावीस वर्षं तिथूनच घरी जातात, मुद्दाम रेंगाळत. काचेमागे कधी कुणी आलं नाही.

ती बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घरात तिला भिंगरी म्हणत. पाय एका जागी ठरत नसत. लाँड्रीत इस्त्री करायची. एका संध्याकाळी मालकाच्या भावाने तिला तिथेच मारलं. तो पकडला गेला, तुरुंगातच मेला. लोक त्याला विसरले आणि भूत मात्र तिचं झालं.

यंदा त्यावर सिनेमा निघाला. त्यातले कपडे बघणारा माणूस चौकशी करत करत ताईंच्या दुकानात आला.

"त्या दिवशी तिच्या अंगात काय होतं?"

"पिवळाधमक झगा. मीच शिवला होता."

"भूत पांढरंच लागतं हो," तो ओशाळून म्हणाला.

"भुताचं तुम्ही बघा. जिवंत असतानाचा मी शिवून देते."

बहिणीची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्या मापाने झगा शिवला, तो नटीला कमरेत दोन बोटं घट्ट झाला. शिवण उसवताना ताईंच्या जिवावर आलं. नटी गुणाची पोर. तिने विचारलं, "मावशी, ती हसायची कशी?"

"हसू आवरेनासं झालं की खाली बसायची. भर रस्त्यातसुद्धा. आई मग ओरडायची, ऊठ गं, कपडे मळतील."

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला ताई एकट्याच गेल्या. इस्त्रीच्या वाफेतून पिवळा झगा इकडून तिकडे फिरत होता. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसत हसत खाली बसली. विसाव्या मिनिटाला लाँड्रीचं शटर खाली येऊ लागलं, तशा त्या उठून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही.

आठवड्याने दारावर तिकीट फाडणाऱ्याला राहवलं नाही. "बाई, भूत पुढे आहे. तुम्ही रोज नांदी ऐकूनच घरी जाता."

"मला तेवढंच पुरतं."

"पुरवा मग. उद्या उतरतोय सिनेमा."

त्या दिवशी ताई बसून राहिल्या. शटर पडलं तेव्हा डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा पांढरी आकृती काचेवर टकटक करत होती. शेजारच्या अनोळखी बाईने घाबरून त्यांचा दंडच धरला. ताई पुढे झुकून बघत होत्या. आकृतीच्या तोंडावर केस आले होते. ते बाजूला सारावेत म्हणून त्यांचा हात शिवशिवत होता.

दिवे लागल्यावर शेजारची बाई म्हणाली, "धीट आहात हो. भीती नाही वाटली?"

"ती येईल म्हणून मी बावीस वर्षं वाट बघतेय," ताई म्हणाल्या. "भीती कसली?"

त्या बाईला काही उलगडा झाला नाही. तिने पर्स उचलली.

बाहेर टळटळीत ऊन होतं. दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक उसवलेला कोट मांडीवर घेऊन बसलं होतं. ताईंनी पदराने तोंड पुसलं, कुलूप काढलं आणि त्या मशीनपाशी बसल्या.