कडी कुणी लावली

नाटक मंडळीत सगळे तिला ताई म्हणत, कारण लेखक तिला ताई म्हणायचा. लेखक तिचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, लग्नानंतर सोबत सासरी आणलं. नवरा कुरकुरला, पण चालवून घेतलं त्याने. आता ती मंडळीचा कपडेपट सांभाळते.

भावाचं गाजलेलं नाटक उलटं चालतं. पहिल्या प्रवेशात आई मुलाच्या प्रेतापाशी बसलेली असते. मग गोष्ट मागे मागे जाते आणि शेवटी ती संध्याकाळ येते. मुलगा उशिरा घरी येतो, चिडलेली आई आतून कडी लावते, आणि दार वाजवून दमलेला मुलगा जिन्यातल्या खिडकीतून पाइप धरून घरात शिरायला बघतो. अंधार. कॉलेजात हे नाटक अभ्यासाला आहे. ‘मातृत्वातील क्रौर्य’ या सूत्रावर मुलं पानंच्या पानं लिहितात.

तो मुलगा ताईचा होता. कडी तिने लावली नव्हती. त्या संध्याकाळी ती शिवणाच्या कारखान्यात होती. घरात भाऊ लिहीत बसला होता. भाच्याचा दंगा नको म्हणून त्याने कडी घातली. नंतर तिच्या पायांवर पडून रडला. नवरा याला जिवंत सोडणार नाही, हे ओळखून तिने सगळ्यांना सांगितलं, “मी लवकर आले होते. कडी मीच लावली.” नवऱ्याने तिला टाकलं, कडेवरच्या मुलीसकट. पुढे भावाने तेच खोटं नाटकात घातलं. मामा हे पात्र त्यात नाहीच.

कडेवरची ती मुलगी मोठी होऊन मामाच्याच मंडळीत नटी झाली. आईशी कामापुरतं बोलायची. या खेपेला नाटक पुन्हा उभं राहत होतं आणि आईची भूमिका तिच्याकडे आली होती.

“कॉलेजात मी तोंड लपवून फिरले,” ती ताईला म्हणाली होती. “आता निदान त्याचा उपयोग तरी होईल.”

मंडळीची एक रीत होती. पहिल्या वाचनाला सुतारापासून नटीपर्यंत सगळे गोल करून बसत आणि प्रत्येक जण लेखकाला एकच प्रश्न विचारी. लेखकाने उत्तर टाळायचं नाही. ताई दर वेळी मान हलवून पाळी पुढे ढकलायची. या वेळी तिने हात वर केला.

“अरे वा, ताईंना कंठ फुटला,” लाइटवाला म्हणाला.

“कडी कुणी लावली?” तिने भावाला विचारलं. बघत मात्र होती मुलीकडे.

भावाने चष्मा पुसला. “आईने. ताई, रचना बघ ना. प्रेक्षक सगळा वेळ त्या बाईबरोबर रडतो आणि शेवटी त्याला कळतं की हात तिचाच होता. दुसऱ्या कुणी लावली तर तो नुसता अपघात. त्यात कसलं नाटक?”

“मी नाटकाचं नाही विचारत.”

“इथे नाटकाचंच विचारायचं असतं.”

दोघंतिघं हसले. मुलगी हसली नाही. “आई, आता अंग काढून घेऊन काय उपयोग? त्यापेक्षा दाखव मला. कशी लावलीस? मला तो हात हवाय.”

ताई उठून दारापाशी गेली. हात वर नेला, तिथेच थांबला. मग तिने खालची कडी ओढली, रोज घर बंद करताना ओढतात तशी.

“छे. खोटं वाटतंय,” मुलगी म्हणाली.

“बाजूला हो,” म्हणत भाऊ उठला. फुगलेलं दार दाबावं तसं त्याने खांद्याने दार दाबलं, वरची कडी एका झटक्यात सरकवली, कपाळ फळीला टेकवलं आणि उभा राहिला, पलीकडच्या थापा ऐकत असल्यासारखा. मग हळूच म्हणाला, “वाजव. वाजव किती वाजवायचं ते.”

हे वाक्य संहितेत नव्हतं. मुलीने ते लिहून घेतलं.

“मामा, हे घेऊ या ना? आईच्या तोंडी?”

“घे.”

“बघितलंस, आई? असं.”

ताई जागेवर जाऊन बसली. तिचा प्रश्न झाला होता. पुढचा लाइटवाल्याचा होता: शेवटचा अंधार एकदम करायचा की हळूहळू?

“हळूहळू,” भाऊ म्हणाला. “आईचा चेहरा शेवटपर्यंत दिसला पाहिजे.”