मुरूम लागेपर्यंत

मी मुंबई इलाख्यातला, रत्नागिरीकडचा. नाटक कंपनीचे पडदे रंगवायचो. कंपनी अकोल्यात बुडाली, मालक पसार झाला, आणि मी अमरावतीला येऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो, पुढे घरंही बांधू लागलो. बांधकाम मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कोकणातून वऱ्हाडात आलेल्याला एक रोग जडतो: इथल्यांना काही कळत नाही असं त्याला वाटतं. मला तर चांगलाच जडला होता.

परकोटाबाहेर, माळ्यांच्या वस्तीजवळ मुलींची शाळा बांधायचं ठरलं. कमिटी कसली, नुसता पागोट्यांचा बाजार! दोन वकील, एक कापसाचा जिनवाला, एक रावसाहेब. चौघांनी मिळून एक वीट उचलली असेल तर शपथ. वाद एकच, संगमरवरी पाटीवर कुणाचं नाव वर. फुकट राबणारा एक खुळा हवा होता, तो मी होतो.

भर वैशाखात पाया खणायला घेतला. जमीन कडक. दोन हात खणलं आणि म्हटलं, पुरे. शेजारच्या मळ्यातली माळीण वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. आपल्या पोरीला या शाळेत घालायचं तिनं नवऱ्याशी भांडून ठरवलं होतं. खड्ड्यात डोकावून म्हणाली, "मास्तर, घाई काहून करून राहिले? काळी माती हाये. पान्यात फुगते, उन्हात फाटते. खाली मुरूम लागत नाई तोवर खंदा."

"तू वांगी लाव, बाई," मी म्हटलं. "आमच्याकडे जांभ्यावर दोन हात खोल पायावर दुमजली घरं उभी आहेत."

जांभा म्हणजे खडक, आणि ही माती! एवढंही कळू नये? पण शहाणपण ओसंडून वाहत होतं ना माझं.

दसऱ्याच्या सुमारास मागची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत चिरली. चिरेत माझं बोट जात होतं. त्यातच उद्घाटनाला गोरा साहेब येणार असं ठरलं. भिंत पाडावी लागेल म्हटल्यावर रावसाहेब हसले. "तुम्ही पडदेवाले ना? मग रंगवा की काहीतरी."

आणि मी रंगवलं. सांगायला लाज वाटते, पण मन लावून रंगवलं. चिरेत चुना भरला, वर वेल चढवला, वेलाखाली मोर.

साहेबानं मोर पाहून मान डोलावली. कमिटीवाले असे फुगले, जणू मोर त्यांनीच पाळला होता. रावसाहेबांनी स्त्रीशिक्षणाच्या भक्कम पायावर लांबलचक भाषण ठोकलं. माळीण पोरीला नवा परकर नेसवून आली होती. ती भिंतीजवळ गेली, केसातला आकडा काढला आणि वेलाच्या देठात खुपसला. तो सबंध आत गेला. चुना भुरभुर खाली पडला.

"मास्तर, माह्या पोरीले याच्याखाली बसवनार होते?"

पोरीचा हात धरून ती चालती झाली. बाई काय म्हणाली, साहेबानं विचारलं. चित्र फार आवडलं म्हणाली, रावसाहेबांनी सांगितलं. थू!

दुसऱ्या दिवशी पहार घेतली आणि मोरासकट भिंत पाडली. बाकीच्या तिन्ही भिंतींचा पायाही तसलाच, म्हणून त्याही पाडल्या. कमिटीनं मला वेड्यात काढलं. पाटीवर माझं नाव मुळात नव्हतंच, त्यामुळे ते खोडायची त्यांची मेहनत वाचली. पुरुषभर खोल गेल्यावर घट्ट पिवळा मुरूम लागला. तिथून त्याच दगडविटांनी पुन्हा बांधत आणलं.

शाळा उभी राहिल्यावर माळिणीकडे गेलो. "मुरूम लागला?" तिनं विचारलं.

"लागला, बाई."

"तुमच्या सांगन्यावर भरोसा नाई. दाखवा."

तिच्यासमोर भिंतीलगत पुन्हा खणलं. ती पोरीला घेऊन काठावर उभी. मुरूम दिसला तशी खाली उतरली, चिमटीत घेऊन चोळला, पायाचा दगड हातानं चाचपला. मग खालूनच पोरीला म्हणाली, "जाय वं, बस."

पोरगी आत गेली. माळीण वर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "आन मास्तर, आता भितीवर काई काढू नोका."

मी काढलं नाही.