बैल पळणार नाही

वाशीमच्या दवाखान्यात सुमन माझ्याशी शेवटचं बोलली ते बैलाबद्दल. मी पाण्याचा पेला पुढं केला तर तिनं हातानं सारला. "त्या दिग्दर्शकाचा फोन आला तं सांगजा, बैल पळत नाई." मी म्हटलं, सांगतो, तू पाणी पे. "आधी हो म्हना." मी हो म्हटलं... सकाळी चहाच्या वेळेला ती गेली. भेटायला येणारे विचारतात, बाई जाताना काय बोलल्या. बैलाचं सांगितलं की विषय बदलतात. म्हणून लिहायला बसलो.

सुमन माझी बायको. रिठदच्या शाळेत मास्तरीण होती. मी चौथीत शाळा सोडलेला, ढोरांमागचा माणूस. तिला चांगला नोकरीवाला मिळाला असता, हे तिच्या माहेरच्यांनी मला पुष्कळदा ऐकवलं, आणि ते खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं एक कादंबरी लिहिली. कुठल्याच नकाशात नसलेलं राज्य, जळालेल्या शेतांतून उठणारी राखेची माणसं, त्यांच्याशी लढणारी राणी. राणीच्या रथाला घोडे नाहीत, बैल. मी विचारलं, घोडे काहून नाही? म्हणाली, "घोडा मी कवा पाह्यला? बैल रोज पाह्यतो. एक तं घरातच हाये."

दुपारचं जेवण झालं की लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मोठ्या लढाईत रथाचा एक बैल बाण लागून पडतो. तिनं लिहिलं होतं की दुसरा चवताळतो आणि एकटाच रथ ओढत शत्रूत घुसतो. मी आडवा होतो, उठून बसलो. "हे कोनं सांगतलं तुले? जोडीतला एक पडला का जू त्याच्याकडं खाली जाते. दुसऱ्याची मान त्याच्यात पिळते. तो पळन कुठं? जू काढेपरेंत वाकड्या मानेनं उभा राह्यते." तिला राग आला. "आता तुमी मले लिहाले शिकवता." दोन दिवस वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं, तेव्हा बैल उभा होता, आणि राणी भर लढाईत रथातून उतरून त्याचं जू सोडवत होती. पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं ते याच पानांसाठी.

मग एका कंपनीनं त्यावर मालिका करायचं ठरवलं. पडद्यासाठी लढाया तिनंच लिहाव्या, असं ठरलं. ते काम वेगळं होतं. पुस्तकात राणीच्या मनातलं चार पानं लिहिता येतं, पडद्यावर मन दिसत नाही, हात दिसतात. म्हणून ती अंगणात तुराट्यांची सेना मांडायची, जुनं जू माझ्या खांद्यावर ठेवायची आणि वही घेऊन समोर बसायची. "वाका. अजून वाका." शेजारचा गजानन, बाजारात बैलाचं वय विचारतात तसं, कुंपणावरून विचारायचा, "बाई, किती दाती हाये?" सुमन मान वर न करता म्हणायची, "दात पडले, पन कामाचा हाये. विकत नाई."

दिग्दर्शक तरुण, गोड बोलणारा. त्याचं एकच म्हणणं, बैल उभा राहिला तर लढाई थांबते, लोक चॅनल बदलतात, त्याला पळू द्या. सुमन म्हणायची, थांबते म्हणूनच लिहिलं. आजारी पडली तरी हा वाद चालूच होता. आपण गेल्यावर हे लोक बैलाला पळायला लावतील, एवढीच भीती तिनं माझ्याजवळ बोलून दाखवली. दुखण्याचं कधी बोलली नाही.

सुमनचे दिवस झाले आणि दिग्दर्शकाचा फोन आला. आधी चार शब्द चांगले बोलला. मग म्हणाला, "काका, आता तो प्रसंग मी थोडा बदलून घेतो." मी म्हटलं, "तुमी इथं या. माहा बैल पळवून दाखवा. मंग बदला."

आला बिचारा. मी जोडी जुपली. एका बैलाला, नाल ठोकताना पाडतो तसं, रस्सी घालून हळूच खाली बसवलं. जू कललं. दुसऱ्याची मान खाली गेली, वाकडी झाली, आणि तो तसाच उभा. "हाका त्याले." त्यानं हाकलं, पाठीवर थाप दिली. बैल हलला नाही. नाकातून फुस्स करत राहिला... दिग्दर्शक मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेत होता. मग मोबाइल खिशात घातला आणि स्वतःच बैलाच्या गळ्याचा पट्टा सोडायला गेला. बोटं शहरातली, गाठ सुटेना.

"एवढा वेळ लागतो, काका?"

"लढाईत तं अजून लागन."

गेल्या आठवड्यात त्यानं लिहिलेला प्रसंग पोस्टानं आला. मी बोट ठेवून वाचतो, दोन दुपारी गेल्या. बैल उभा आहे. पळत नाही. फक्त एका ठिकाणी चुकलं होतं. राणी आधी मेलेल्या बैलाचा पट्टा सोडते, मग जिवंत बैलाकडं वळते. तेवढ्यात तो गुदमरून जाईल.

सुमनच्या टेबलावर, तिच्या खुर्चीत बसलो. ती वह्या तपासायची तो लाल पेन खणात होता, झटकला तसा चालला. ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, आधी जित्याचा सोडावा. अक्षर वाकडंतिकडं आलं. कागद तसाच पाठवून दिला.