काळ्या मातीतलं तवसं

बाबांना गावाहून आमच्याकडे कोपरखैरण्याला आणलं, तेव्हा त्यांच्यासोबत औषधांची पिशवी होती, आता काहीही उपयोग नसलेली काठी होती आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत नऊ बिया होत्या. तवशाच्या. तवसं म्हणजे आमच्या कोकणातली पावसाळी काकडी, हातभर वाढणारी. आई दर वर्षी एक तवसं वेलीवरच पिकू द्यायची आणि त्याच्या बिया राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापून ठेवायची. आई गेल्यावर ते काम बाबांनी चालू ठेवलं. मग त्यांना झटका आला. घर बंद करायच्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवून दाखवून शेजाऱ्यांना तो पोपडा खरवडायला लावला. त्यातून नऊच बिया धड निघाल्या.

त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं ठेवा. एकदा बोलायचं सोडलं की मग अवघड आहे." डॉक्टरांचं सांगायला काय जातं! बाबा आधीच मितभाषी. टीव्ही लावला की डोळे मिटून घेत. नातवाचा व्हिडिओ कॉल आला तर नुसती मान हलवत. पाणी, हो, नको, एवढ्यावर दिवस जायचा.

मे महिन्यात मी सहज म्हणून त्यातल्या चार बिया पेरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर ते माझ्याकडे बघत वाट पाहत होते. "उगवलं का गो?" आमच्या घरात आल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं धड वाक्य. मला रडूच आलं. आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण आता ते तवसं उगवायलाच हवं होतं.

माझ्या हातून मनी प्लँटसुद्धा मेलेला आहे. गावी आईच्या परसात मी फक्त काकड्या तोडायला जायची. त्यामुळे मी मोबाइलवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघायला लागले. त्यात एक बाई दर दोन मिनिटांनी हसून "अगदी सोप्पं आहे" म्हणायची. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा, पण मी तिचे सगळे व्हिडिओ बघितले.

माती मात्र पेरण्याआधीच आमची आम्ही शोधली होती. आमच्या मागच्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणत होते आणि खालून काळीभोर, मऊ माती निघत होती. आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे. जन्म सगळा परळच्या चाळीत गेला, पण मातीचा विषय निघाला की यांच्यातला शेतकरी जागा होतो. "काळी माती आहे, सोनं आहे सोनं," असं म्हणत यांनी तिथल्या वॉचमनकडून दोन गोण्या मिळवल्या. मी लाल दगडधोंड्यांत वाढलेली. काळ्या मातीचं नुसतं कौतुक ऐकलेलं, की देशावर तिच्यात काहीही टाका, येतं. एवढी श्रीमंती फुकटात दारात आली म्हणून मला केवढा आनंद! ती माती क्रेटमध्ये भरून मी बाल्कनीत ठेवली होती आणि तिच्यातच बिया पेरल्या होत्या.

चारातल्या दोन बिया उगवल्या. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, उन्हाने. मग मी दिवसातून तीनदा पाणी घालायला लागले, हिरवी जाळी बांधली. मधेच मे महिन्यातच दोन दिवस धो धो पाऊस पडला, म्हणून जाळी सोडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा असं ऊन, की बाल्कनीच्या लादीवर पाय ठेववेना. पुन्हा जाळी बांधली. कधी काय होईल याचा काही भरवसाच नव्हता. दोन्ही रोपं गेली. जूनमध्ये त्याच मातीत खत घालून आणखी तीन बिया लावल्या. एकच वर आली आणि भर ढगाळ दिवसांत तिच्याही कडा करपल्या. ऊन नव्हतंच, तर करपली कशाने, एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

आमच्याकडे बाजूच्या बोनकोडे गावातली एक मावशी मासे घेऊन येते. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून ती बाल्कनीच्या गजांपाशीच पाटी उतरवते. त्या दिवशी बोंबील मोजता मोजता तिची नजर क्रेटवर गेली. तिने गजातून हात घालून चिमूटभर माती उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. मग थुंकली.

"ही कुटची माती आनली गो बाय?"

मी मागच्या प्लॉटकडे बोट दाखवलं.

"अगो, ही खाजनाची हाय. खाडीचा चिखोल. हितं आमची मिठागरं व्हती. हितं मीठ पिकं, काकरी कशी व्हईल?"

दीड महिना मी मिठाला पाणी घालत होते. आईच्या सात बिया मी माझ्या हाताने खारवल्या होत्या. यांनी ते ऐकलं आणि आत जाऊन पेपर उघडला. एरवी मी यांना सोडलं नसतं, पण भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

उरल्या दोन. सानपाड्याच्या नर्सरीतून लाल माती आणली, मोठी कुंडी आणली आणि जुलैच्या सुरुवातीला हात जोडून त्या दोन बिया लावल्या. एक उगवलीच नाही. दुसरी मात्र अशी जोमाने वर आली की मी दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची. चौथ्या आठवड्यात तिने बाल्कनीचा गज धरला.

तो महिना घरातला सगळ्यात चांगला महिना होता. रोज सकाळी चहासोबत मी बातमी द्यायची आणि बाबा सूचना द्यायचे. खोडाशी पाणी साचू देऊ नको. गजाला सुतळी बांध. एकदा तर त्यांनी आईची अख्खी गोष्ट सांगितली. तिने म्हणे एकदा माकडांच्या भीतीने तवशाला स्वतःचा ब्लाउज घालून ठेवला होता. सांगताना मधे चार वेळा अडकले, पण शेवटपर्यंत गेले आणि स्वतःच हसले. मी फोन करून डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "छान, जे करताय ते चालू ठेवा."

ऑगस्टमध्ये दहा दिवस थेंब नाही, नुसतं मे महिन्यासारखं ऊन. मग चार दिवस पाऊस थांबेच ना. कुंडीवर मी छत्री बांधली, वाऱ्याने ती शेजारच्यांच्या दारात नेऊन टाकली. पाचव्या दिवशी सकाळी वेल गजावरच माना टाकून लोंबत होती. खोड धरलं तर हातात लगदा आला. अंगठ्याएवढं एक तवसं धरलं होतं, तेही पिवळं पडून गळलं होतं. आता पुडीत काहीही उरलं नव्हतं.

चहा घेऊन मी खोलीत गेले.

"आज काय गो?"

"आज दुसरं फूल आलंय, बाबा."

खरं सांगायचं ठरवूनच मी आत गेले होते. तोंडातून हे निघालं.

त्यानंतर वेल रोज वाढत राहिली. मी कुंडी धुऊन माळ्यावर टाकली होती आणि रोज सकाळी नवीन पानं मोजून सांगत होते. बाबा मनाशी हिशेब करायचे. "आता वीतभर झालं असेल." झालं, मी म्हणायची. "आता काढायला हवं." आता काय करू, म्हणून यांना विचारलं तर म्हणाले, "बाजारातून आण की." मी यांच्यावर ओरडले. आणि दोन दिवसांनी, गणपतीच्या आदल्या दिवशी, वाशीच्या बाजारात कोकणातली तवशी घेऊन बसलेल्या माणसासमोर उभी राहिले.

आमच्या तवशाच्या सालीवर पांढरट रेघा असायच्या, याच्यावर नव्हत्या. म्हणून स्वयंपाकघरातच साल काढून, फोडी करून बशी आत नेली. बाबांचे डोळे चमकले. त्यांनी डाव्या हाताने एक फोड उचलली, पण तोंडात घातली नाही. अंगठ्याने तिच्यातली एक बी बाहेर काढली, बोटांत धरून उजेडाकडे केली. बराच वेळ बघत होते.

"हे आपलं नव्हे."

मी बशी थोडी पुढे सरकवली.

"आपलं कुठंय?"

"गेलं, बाबा. ऑगस्टमध्येच गेलं."

"सगळं?"

"सगळं."

ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती बी बशीच्या कडेला ठेवली, फोड खाल्ली आणि मला वाईट वाटू नये म्हणून आणखी एक खाल्ली.

दुसऱ्या दिवशी घरोघर आरत्या चालू होत्या. मी चहा घेऊन आत गेले. बाबा जागे होते. मी उशी नीट केली, त्यांना टेकवून बसवलं, बशीत ओतून थोडा थोडा चहा पाजला. पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग उगाचच पांघरुणाची घडी घालत थांबले, पुन्हा उलगडून पुन्हा घातली. ते खिडकीकडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही.