क्योतोच्या थंडीत चिकनला धुरी

ऐन थंडीत विजेच्या स्मोकरमध्ये चिकन करायचं असेल, तर नवशिक्यांना माझी पहिली सूचना अशी की करू नये. मार्चपर्यंत थांबावं. मला थांबता आलं नाही, कारण जानेवारी चालू होता आणि माझे सासरे पंधराच दिवसांसाठी आमच्याकडे क्योतोला आले होते.

सासरे सांगलीचे. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी पोह्यांची बशी नाकाजवळ नेली आणि "शेंगदाणे जुने आहेत" असं जाहीर केलं. पोहे त्यांच्याच घरचे होते. तूप जरा जास्त कढलंय, डाळ बुडाला लागली आणि वरची तेवढी काढून वाढलीय, हे सगळं ते घास घ्यायच्या आधी वासावरून सांगत. सासूबाई गेल्या, त्यांच्या तेराव्याचं जेवण झाल्यावर सगळे सुन्न बसलेले असताना हे म्हणाले, "मसालेभाताला तेल शिळं वापरलंय." माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही.

मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास येणं जे बंद झालं ते झालंच. तेव्हापासून ताटात काहीही पडलं की ते "छान आहे" म्हणत आणि अर्धं टाकून उठत. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. "बाबांनी काल खानावळीच्या डब्यालासुद्धा छान म्हटलं," असं सांगताना बायको फोन हातात धरून रडली. मी आधी हसलो. मग तिच्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज उग्र वास हुंगायला द्या, फरक पडेल किंवा पडणार नाही. क्योतोला आल्यापासून आम्ही त्यांना हिंग, कॉफी, उदबत्ती, लसूण असं सगळं हुंगवलं. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने तर नात्तोची डबी नाकाखाली धरली. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, मी अकरा वर्षं इथे राहूनही ते उघडलेल्या खोलीत थांबू शकत नाही. सासऱ्यांनी ते भाताबरोबर खाल्लं आणि म्हणाले, "छान आहे." तेव्हा मात्र मलाही भीती वाटली.

त्याच आठवड्यात अमेरिकेला परत जाणाऱ्या एका सहकाऱ्याने आपला स्मोकर मला देऊन टाकला. उभी पेटी, छोट्या फ्रिजएवढी. खाली विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, वर जाळ्या, आणि माथ्यावर धूर बाहेर जायला एक झडप. बायको म्हणाली, "धूर देऊन बघू. धुरापेक्षा उग्र काय असणार?" मी विद्यापीठात उष्णता कशी वाहते यावर संशोधन करतो, त्यामुळे हे काम आपलंच आहे असं मला वाटलं.

इथे घरामागच्या दीड पावलांच्या अंगणात धूर करायचा, तर आधी शेजाऱ्यांची माफी मागावी लागते. मी मिठाईचे खोके घेऊन तीन घरी गेलो आणि न झालेल्या धुराबद्दल क्षमा मागितली. पलीकडच्या आजींनी वेळ विचारली. मी म्हटलं, रविवारी अकरा ते दोन. त्यांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

रविवारी तापमान तीन अंश होतं आणि डोंगरावरून वारा येत होता. मी पेटी भिंतीच्या आडोशाला ठेवली, हे मी केलेलं शेवटचं बरोबर काम. आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तंगड्या पुसून कोरड्या केल्या होत्या, पण ते बायकोने. पुस्तिकेत लिहिलं होतं की पेटी पाऊण तास रिकामी तापवा. थंडीत पुस्तिकेवर विश्वास ठेवू नये. दीड तास झाला तरी काटा ऐंशीच्या पुढे जाईना आणि मला हवे होते एकशे दहा. मी पेटीभोवती रजई गुंडाळायचा प्रस्ताव मांडला. बायकोने रजई आत नेली आणि कपाटाला कुलूप लावलं. तिचं बरोबर होतं, आग लागली असती.

मग पेटीच्या पाठीवरची पट्टी वाचली. यंत्र एकशे वीस व्होल्टचं. जपानात वीज शंभर व्होल्टची. म्हणजे कॉइलची जवळजवळ तीस टक्के ताकद गेली, हा हिशेब मी तिथल्या तिथे तोंडी केला. ज्याने याच विषयात डॉक्टरेट घेतली आहे, त्याने हा हिशेब पेटी घरी आणायच्या आधी करायला हरकत नव्हती.

तरी तंगड्या आत ठेवल्याच. आणि मग मी दर दहा मिनिटांनी दार उघडून बघू लागलो. ज्या घरात मी वाढलो, तिथे झाकण उचलून न बघता काही शिजतं यावर कुणाचाच विश्वास नव्हता. पण थंडीत एकदा दार उघडलं की गेलेली ऊब परत यायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे मी चिकन शिजवत नव्हतो, पुन्हा पुन्हा गार करत होतो. "सारखं काय बघतोस? ते कुठे पळून जाणारे का?" बायको आतून ओरडली. सासरे खिडकीपाशी मफलर गुंडाळून बसले होते आणि माझ्याकडे अतिशय सौजन्याने बघत होते.

शेवटी उष्णता वाचवावी म्हणून मी माथ्यावरची झडप पूर्ण बंद केली. नवशिक्यांनी हे कधीही करू नये. धुराला जायला वाट लागते. तो आत कोंडला, थंड पत्र्यावर ओला झाला आणि परत चिकनवर बसला. दाराच्या फटींतून पांढरा दाट धूर येऊ लागला आणि तंगड्यांना कढईच्या बुडाचा रंग आला. ठीक दोन वाजता पलीकडच्या आजी धुण्याची बादली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आमच्या भिंतीकडे बघितलं, कमरेत वाकल्या आणि बादलीसकट परत आत गेल्या. मी इतका खजील क्वचितच झालोय.

तंगडीत खुपसलेला थर्मामीटर पंचावन्नावर अडला होता. कच्चं चिकन असं कोमट ठेवणं धोक्याचं, म्हणून बायकोने त्या उचलून सरळ ओव्हनमध्ये घातल्या आणि आकडा ऐंशीच्या वर गेल्यावरच बाहेर काढल्या. दिवसभराच्या धुरीनंतर चिकन शिजलं ते पंचवीस मिनिटांत, स्वयंपाकघरात.

जेवायला बसलो. मुलीने ताटावर वाकून "कुसाई" म्हटलं. घाण वास येतोय, एवढाच त्याचा अर्थ. ती जे मनापासून बोलते ते जपानीतच बोलते. सासऱ्यांना जपानी येत नाही. बायकोने एक घास घेतला आणि पाठोपाठ अख्खा ग्लास पाणी प्यायली. मी चाखून बघितलं. कडू जहर होतं. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचे गोळे, म्हणजे ओनिगिरी, आणावेत असं मनात आलं.

सासऱ्यांनी घास तोडला आणि सावकाश चावू लागले. बायकोने मान खाली घातली. येणारं "छान आहे" तिला ऐकायचं नव्हतं, मलाही नव्हतं.

"याला जळकट वास येतोय," सासरे म्हणाले.

बायकोने मान वर केली.

"ओलं लाकूड धुमसल्यासारखा. आमच्या न्हाणीघरात बंबाचा यायचा, तसा. कुणी केलंय हे?"

"मी," मी म्हणालो.

"तरीच."

बायको धावत जाऊन हिंगाची आणि कॉफीची डबी घेऊन आली. "बाबा, हे बघा, याचा येतोय?" त्यांनी हुंगलं आणि मान हलवली. कॉफीलाही नाही म्हणाले. तिने त्यांचंच ताट उचलून नाकाशी नेलं. "आणि याचा?"

"येतोय म्हणून सांगितलं की! घाण येतोय."

ती हातांनी चेहरा झाकून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. मला फार आनंद झाला होता. सासरे मात्र घाबरले.

"अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. जावईबापूंना नाही जमत स्वयंपाक, प्रत्येकालाच जमतो असं थोडंच आहे. आणि हे बघ, मीठ नीट मुरलंय. ते तुझं काम दिसतंय."

"हो बाबा."

"पण वास फारच वाईट. पाहुणे आले तर हे करू नका."

"नाही करणार," ती डोळे पुसत म्हणाली. "अजून एक तंगडी वाढू?"

"हे? अजून?" असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं.